डावी बाजू वेंदोची

सिरिल हुदेत्सनं खोक्याचं झाकण काढलं, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले हिरवट तुकडे एकदा न्याहाळले आणि एक सणसणीत शिवी हासडली. शिवी मॉडेल रणगाड्याचं हे किट बनवणाऱ्याला होती, त्याच्या बापाला होती, आणि ज्या मास्तरानं त्याच्या हातात पहिल्यांदा मोजपट्टी दिली त्यालाही होती.

"चाकं बघ, चाकं," तो मुलीला म्हणाला. झेल्मिरा त्याच्याकडे दुपारचं सूप घेऊन आली होती. "पहिल्या आणि दुसऱ्या चाकात रुंद फट असते. लांबून बघितलं तरी त्या फटीवरून रणगाडा ओळखता येतो. आणि या गाढवांनी पाचही चाकं सारखी मांडलीत. तोफेची नळी तर बघ, काकडी वाकते तशी वाकलीय."

"मग परत करा ना, बाबा. पावती आहे."

"परत कशाला करू? दुरुस्त करीन. सगळंच दुरुस्त करीन, तू बघच."

तो हे किटबद्दल बोलत नव्हता, हे झेल्मिराला चांगलं कळत होतं. तिनं सूप गॅसवर ठेवलं. चाळीस वर्षांची बाई ती, आणि बापाचा हा राग तिच्याच वयाचा होता.

आमच्या पोधाय गावात एके काळी घरटी एक माणूस रणगाड्याच्या कारखान्यात होता. आता तिथे कुलूप आहे, आणि फाटकासमोर काँक्रीटच्या ओट्यावर एक रणगाडा उभा आहे. सिरिल सहा नंबरच्या शेडमध्ये एकतीस वर्षं वेल्डिंग करायचा. रणगाड्याचा बुरूज, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा, उलट्या वाडग्यासारखा, आणि त्याच्या डोक्यावर छताच्या दोन पट्ट्या, एक डावी, एक उजवी. त्या वाडग्याला जोडायला दोन माणसांची जोडी लागायची. सिरिलचा जोडीदार वेंदेलिन कोस्त्का, सगळ्यांचा वेंदो. वेंदो डावखुरा होता, म्हणून डावा जोड त्याचा आणि उजवा सिरिलचा. जोड झाला की ज्यानं मारला त्यानं आपला नंबर पोलादी पंचानं शेजारी ठोकायचा. वेंदो सत्तावीस, सिरिल चव्वेचाळीस.

"डावी बाजू नेहमी वेंदोची," सिरिल कुणालाही सांगायचा, कुणी विचारलं नसलं तरी. "वेल्डिंगचे खवले बघायचे. माझे उजवीकडे झुकतात, त्याचे डावीकडे. सही खोटी करता येईल, खवले खोटे करता येत नाहीत."

एकोणसत्तर सालच्या मार्चमध्ये एका बुरुजाचा डावा जोड तडकला. दोन वीत लांब तडा. शुक्रवारी संध्याकाळी मारलेला जोड सोमवारी सकाळी तपासणीत उकललेला दिसला. दिवस कसले होते ते आमच्यातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. मागच्याच ऑगस्टमध्ये आमचा देश दाबायला रशियन रणगाडे आमच्या रस्त्यांवरून गेले होते. त्यात त्याच शुक्रवारी आपल्या पोरांनी रशियाला हॉकीत दुसऱ्यांदा हरवलं आणि माणसं रस्त्यावर येऊन रडली, नाचली. अशा आठवड्यात तडकलेला जोड म्हणजे नुसता तडकलेला जोड नसतो, तो घातपात असतो. चौकशी झाली. तपासणी खात्याचा मुख्य होता इंजिनियर आल्फ्रेड पाव्लेख, त्यानं कागदावर सत्तावीस नंबर लिहिला. वेंदोचं वेल्डिंग काढून घेतलं आणि त्याला बॉयलरवर कोळसा ओढायला धाडलं. एकोणीस वर्षं तो कोळसा ओढत होता. छाती कोळशानं भरली आणि अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात तो गेला.

तड्यावर पट्टी मारली, पण तो रणगाडा कुणी विकत घेईना. बरीच वर्षं शेडमागे पडून राहिला आणि मग रंग फासून फाटकासमोर ओट्यावर चढवला गेला. गावानं त्याचं नाव ठेवलं "वेंदोचा". एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण नळ गळला की "वेंदोनं जोडलाय का?", खुर्चीचा पाय निघाला की "वेंदोचं काम". ज्यांनी वेंदोला डोळ्यांनी बघितलं नाही ती पोरंसुद्धा हे बोलायला लागली. सिरिलच्या कानावर हे पडलं की तो ग्लास आदळून उठायचा. गुत्त्यात त्यानं यापायी तिघांची नाकं फोडली आहेत, त्यातला एक पोस्टमास्तर होता.

सिरिलचं म्हणणं पक्कं होतं. त्या महिन्यात पोलादच खराब आलं होतं. ऑफिसला ते माहीत होतं, आणि ऑफिसनं आपली कातडी वाचवायला वेंदोचा बळी दिला. कागदावर सही कुणाची? पाव्लेखची. बस्स. त्या माणसाचं नाव निघालं की सिरिलच्या कानशिलाची शीर उडायला लागायची.

आणि तोच पाव्लेख आता आमच्या मॉडेल क्लबचा परीक्षक. शहात्तर वर्षांचा, काठीसारखा ताठ, कोटाच्या खिशात अजून माप घ्यायचा व्हर्निअर. दर गुरुवारी सांस्कृतिक भवनाच्या मागच्या खोलीत क्लब भरतो, आणि जूनमध्ये मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन. आमच्या क्लबचा एक रिवाज आहे. नुसतं मॉडेल मांडून चालत नाही, शेजारी एक चिठ्ठी लावावी लागते. किटमध्ये काय चुकलं होतं, तुम्ही ते कसं सुधारलं आणि पुरावा काय. परीक्षक टेबलापाशी उभा राहून ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो, शब्दन् शब्द, मग गुण देतो. वाचायचं टाळता येत नाही. हा नियम पाव्लेखनंच घातला होता. पुराव्याला फोटो पाहिजे, हाही त्याचाच.

सिरिल आठ वर्षांपूर्वी क्लबात शिरला तो या चिठ्ठीसाठी. त्याआधी त्यानं खेळण्यातला रणगाडा हातात धरला नव्हता. आठ वर्षं तो इतर मॉडेलं करत राहिला, बोटं बारीक कामाला बसवत राहिला. यंदा चाळीस वर्षं पुरी होत होती. यंदा तो वेंदोचा रणगाडा करणार होता, पट्टीसकट, आणि चिठ्ठीच्या शेवटच्या ओळीत लिहिणार होता: पोलाद खराब होतं, हे तपासणी खात्याला माहीत होतं. आणि ती ओळ पाव्लेखला स्वतःच्या तोंडानं वाचावी लागणार होती, अख्ख्या गावासमोर, इर्मासमोर.

इर्मा म्हणजे वेंदोची बायको. बहात्तर वर्षांची. दर रविवारी सिरिल तिच्याकडे जायचा, लाकडं फोडून द्यायचा, तिच्या हातचं आंबट कोबीचं सूप प्यायचा. वेंदो जिवंत होता तेव्हापासूनचा हा शिरस्ता.

"यंदा बघ तू," तो फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिला म्हणाला. "यंदा वेंदोचं नाव धुऊन काढतो."

"त्याचं नाव कशाला धुतोस," इर्मा म्हणाली. "त्यानं मॅचपायी घाई केली, हात आखडला. मी तेव्हाच त्याला म्हटलं होतं. सहा वाजता हा बाबा छपरावर अँटेना फिरवत उभा, आणि तिकडे जोड अर्धा गार."

"घाई त्यानं आयुष्यात केली नाही. पोलाद खराब होतं."

"तुला काय ठाऊक."

"मी शेजारी उभा होतो, मला नाही ठाऊक तर कुणाला?"

इर्मानं पळी सूपच्या भांड्यात आपटली. सिरिल जेवून घरी आला. घरी येऊन त्यानं किटच्या तळाचे करवतीनं दोन तुकडे केले.

पुढचे तीन महिने त्यानं त्या प्लास्टिकशी भांडण केलं. तळ कापून चाकांची मांडणी बदलली. नळी फेकून दिली आणि पितळेची सुई कानशीनं घासून नवी केली. बुरूज दोन मिलिमीटर अरुंद निघाला, म्हणजे खऱ्या मापात सात सेंटिमीटर. सात सेंटिमीटर म्हणजे काय थट्टा आहे? तिथे माणसाचं डोकं बसतं. त्यानं बुरूज उभा चिरला, मध्ये पट्टी घातली, पुट्टी भरली, घासली, परत भरली, परत घासली. पुट्टी आक्रसली की तो तिच्यावर खेकसायचा. खालच्या मजल्यावरची बाई एकदा विचारायला आली, घरात कुणी आलंय का म्हणून.

छत किटमध्ये सपाट, एकसंध. जोडाचा मागमूस नाही. इथे सिरिलचा हात हळू झाला. मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी तापवून दोन्ही टोकांनी ओढली की केसाएवढी तार निघते. ती तार जोडाच्या रेषेवर चिकटवायची, वरून पातळ गोंद फिरवायचा, मऊ झाली की ब्लेडच्या टोकानं एकेक खवला उठवायचा. उजवा जोड त्यानं एका सकाळीत केला. डाव्याला चार दिवस लागले, कारण तो वेंदोच्या हातानं करायचा होता. ब्लेड डाव्या हातात धरून, खवले डावीकडे झुकवून. पाचव्या दिवशी भिंगातून बघितलं तर तिथे खरंच वेंदो होता. सिरिलला भडभडून आलं, आणि मग त्याचा त्याला राग आला, म्हणून त्यानं उठून खिडकी आदळली.

आता फक्त पुरावा हवा होता. ओट्यावरच्या रणगाड्यावर अकरा थर रंग होता, पट्टी नुसती फुगवटा दिसायची, खवले तर नाहीतच. पण नशीब बघा. नव्या महापौरांना रणगाडा चकाचक करायचा होता. मे महिन्यात परांची बांधली आणि वाळूचा फवारा मारून रंग काढायला सुरुवात झाली. सिरिल तीन दिवस फाटकासमोर बाकावर बसून राहिला. बुरूज उघडा झाल्याबरोबर तो झेल्मिराचा कॅमेरा गळ्यात अडकवून परांचीवर चढला. फवारावाला ओरडला, "आजोबा, पडाल!"

"तुझ्या जन्माआधीपासून मी यावर चढतोय," सिरिल म्हणाला आणि वर गेला.

पोलाद राखाडी, उघडं, कालच भट्टीतून आल्यासारखं. पट्टी दिसली, दोन वीत लांब, आठवत होती तशीच. त्यानं फोटो काढला. मग पट्टीच्या पुढे जिथे जोड मोकळा होता तिथे वाकून बघितलं, वेंदोचे खवले बघायला.

खवले उजवीकडे झुकलेले होते.

त्यानं चष्मा पुसला. आपण उजव्या बाजूला तर नाही ना आलो, म्हणून तोफेकडे बघितलं. डावीच बाजू होती. जोडाच्या टोकाशी, ओतीव पोलादावर, नंबर ठोकलेला होता. खाचांच्या कोपऱ्यांत जुनी पुट्टी अजून चिकटून होती. कुणीतरी पहिल्या रंगाच्याही आधी तो नंबर मुद्दाम बुजवला होता आणि वाळूनं तो मोकळा केला होता. सिरिलनं थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं. चार आणि चार. दुसऱ्या चाराचा पाय अर्धा तुटका. पासष्ट साली त्याच्या हातून पंच फरशीवर पडला होता, तेव्हापासून त्याचा दुसरा चार असाच उठायचा. आख्ख्या कारखान्यात तसा चार एकच होता.

तो परांचीवर खाली बसला. त्या शुक्रवारी तीन बुरूज होते. गल्लीत टीव्ही एकट्या वेंदोकडे, त्यामुळे निम्मी शेड त्याच्याकडे मॅचला येणार होती, आणि अँटेना सरळ करायला तो सहालाच सटकला होता. जाताना दोन बुरुजांचे डावे जोड त्यानं पुरे केले होते. "तिसरा तू ओढ रे," म्हणाला होता. सिरिलनं ओढला होता. मॅच आठला होती. पोलाद आधी शेगडीवर तासभर तापवावं लागतं, नाहीतर जोड गार होताना आतून ताणतो, हे पोरगंसुद्धा सांगेल. सिरिलनं त्या तिसऱ्याला दहा मिनिटं शेगडी दाखवली होती. आणि चाळीस वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की तडकलेला बुरूज पहिल्या दोघांतला. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्यानंच ठरवलं होतं, आणि परत कधी मोजून बघितलं नव्हतं.

पण राग यायला निमित्त लागतं, आणि निमित्त समोर होतं. पुट्टी. पुट्टी भरणाऱ्याला नंबर माहीत होता. सिरिलनं आणखी दोन फोटो काढले, एक नंबरासकट, एक नंबर सोडून. मग खाली उतरला आणि तडक पाव्लेखच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं," दार उघडल्याबरोबर तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं पाव्लेखला अरेतुरे केलं नव्हतं. "हरामखोर माणसा, तुला माहीत होतं."

पाव्लेखनं त्याच्या गळ्यातला कॅमेरा बघितला, हातावरची राखाडी धूळ बघितली. "आत ये," तो म्हणाला.

"आत येत नाही. तू चव्वेचाळीस वाचलास आणि सत्तावीस लिहिलंस. का?"

"वेंदेलिन सोमवारी माझ्याकडे आला होता. तुझ्या आधी, सगळ्यांच्या आधी. म्हणाला, मी छपरावर होतो, पाळी माझी होती, जोड माझा लिहा. तुझी पोरगी तीन आठवड्यांची होती. पाळी सोडून गेल्याबद्दल त्याचं डोकं फुटणारच होतं. म्हणाला, दोघांची कशाला फोडता."

"त्याला कुणी सांगितलं होतं हे? मी सांगितलं होतं? तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत माझं? मला विचारायचं होतंत ना. एका शब्दानं विचारलं असतंस तर—"

"विचारलं होतं," पाव्लेख म्हणाला.



"मंगळवारी. माझ्या ऑफिसात. कागदावर अजून नंबर घातला नव्हता. मी विचारलं, हुदेत्स, या बुरुजाचा डावा जोड कुणाचा? तू खरं बोलला असतास तर मी वेंदेलिनचं ऐकलं नसतं." त्यानं दाराची कडी घट्ट धरली. "काय म्हणालास, आठवतंय? डावी बाजू नेहमी वेंदोची. असं म्हणालास. माझ्याकडे बघून. मग मी सत्तावीस लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी पुट्टीचा डबा घेऊन गेलो आणि नंबर बुजवला. तुझ्यावर मेहरबानी केली असं समजू नकोस. मला घाण वाटली होती तुझी. अजून वाटते. आठ वर्षं तू माझ्यासमोर बसून तेच वाक्य बोलतोस."

सिरिलला मारायचं होतं. मूठ वळली होती. पण मारायचं कुणाला ते कळेना. तो जिना उतरला, कठड्याला धरून, एकेक पायरी, आणि रस्त्याला लागल्यावर मोठ्यानं शिव्या द्यायला लागला. आधी पाव्लेखला, मग वेंदोला. वेंदोवर तर तो जास्त भडकला. कोण मोठा देवमाणूस लागून गेलास रे, तुझ्याकडे मागितलं होतं का मी? कोळसा ओढत होतास, खोकत होतास, दर रविवारी माझ्यासमोर बसून ब्रेड मोडत होतास आणि तोंडातून चकार शब्द नाही? लोक वळून बघत होते. बेकरीपर्यंत पोचेस्तोवर शिव्या संपल्या आणि शिव्या द्यायला एकच माणूस उरला.

पंधरा दिवस त्यानं मॉडेलवरचं फडकं उचललं नाही. रविवारी इर्माकडे गेला, लाकडं फोडली, पोट बिघडलंय म्हणून सूप न पिता परत आला. दोन्ही फोटो झेल्मिरानं दुकानातून छापून आणले होते. ते टेबलावर होते, एक नंबराचा, एक बिननंबराचा. बिननंबराचा लावला असता तर कुणाला काही कळलं नसतं. वाळू मारणाऱ्यांनी एव्हाना परत रंग चढवला होता. पाव्लेख बोलला नसता, चाळीस वर्षं बोलला नव्हता. चिठ्ठीत खराब पोलाद लिहायचं, टाळ्या घ्यायच्या. वेंदोचं नावही धुतलं गेलं असतं, थोडंसं. त्या "थोडंसं"पाशी तो रोज अडायचा.

प्रदर्शनाच्या आधीच्या बुधवारी सकाळी त्यानं फडकं काढलं. ब्लेड घेतलं आणि डावा जोड, वेंदोच्या हाताचा तो चार दिवसांचा जोड, खरवडून काढला. तार ओढली, चिकटवली, मऊ केली, आणि उजव्या हातानं, आपल्या हातानं, खवले उजवीकडे झुकवले. काम अर्ध्या तासात झालं, कारण तो हात त्याचा होता. मग सुई घेऊन भिंगाखाली जोडाच्या टोकाशी नंबर कोरला. मोहरीच्या दाण्यात मावेल एवढा. दुसऱ्या चाराचा पाय त्यानं अर्धाच ठेवला.

जूनच्या शनिवारी हॉल भरलेला होता. इर्मा दरवर्षीप्रमाणे चहाच्या टेबलामागे खसखशीचा रोल कापत होती. पाव्लेख एकेका मॉडेलपाशी थांबत, चिठ्ठ्या वाचत, व्हर्निअर लावत पुढे येत होता. सिरिलच्या टेबलापाशी आल्यावर त्यानं आधी फोटो बघितला. मग चिठ्ठी उचलली. मग सिरिलकडे बघितलं.

"वाचा," सिरिल म्हणाला.

पाव्लेख वाचायला लागला. चाकांची मांडणी चुकीची, तळ कापून सुधारली. तोफेची नळी वाकडी, पितळेची केली. बुरूज दोन मिलिमीटर अरुंद, रुंद केला. माणसं माना हलवत होती, मागे कुणीतरी चमचा वाजवत होतं. छताला जोड नव्हते, दोन्ही केले. इथे त्याचा आवाज उतरला.

"डावा जोड गार पोलादावर मारलेला आहे. मारणारा नंबर चव्वेचाळीस, सिरिल हुदेत्स. फोटो सोबत. वेंदेलिन कोस्त्का त्या वेळी घरी होता. त्यानं माझा दोष अंगावर घेतला. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

चमचा थांबला. पाव्लेख चिठ्ठी खाली ठेवणार, तेवढ्यात चहाच्या टेबलावरून आवाज आला.

"पुन्हा वाचा, इंजिनियरसाहेब." इर्माच्या हातात सुरी होती, तशीच. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

पाव्लेखनं पुन्हा वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. शेवटच्या ओळीनंतर चिठ्ठी खाली ठेवली आणि तिच्यात नव्हतं ते बोलला. "नंबर बुजवणारा, आल्फ्रेड पाव्लेख."

इर्मा टेबलामागून बाहेर आली. माणसं बाजूला झाली. तिनं मॉडेलकडे बघितलंसुद्धा नाही.

"एकोणीस वर्षं," ती सिरिलला म्हणाली, "मी त्याला जेवताना ऐकवत होते. मॅचपायी हात आखडलास, आपल्या संसाराची माती केलीस. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा ऐकवलं. तो मान खाली घालून सूप प्यायचा. आणि तू समोर बसून माझंच सूप पीत होतास."

सिरिल एक पाऊल पुढे आला. 

"रविवारी येऊ नकोस," इर्मा म्हणाली.

"लाकडं?"

 घरात शेगडी लाकडावरच चालते, आणि तिचे खांदे दुखतात. "लाकडं फोडून ठेव," ती म्हणाली. "आत यायचं नाही."

तो अजून जातो. अंगणात लाकडं फोडतो, भिंतीशी रचतो आणि फाटक लोटून निघतो. स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा ओढलेला असतो, सूपचा वास मात्र बाहेर येतो.

गुत्त्यात परवा बिअरचा नळ गळायला लागला. काउंटरवर एक जण सवयीनं म्हणाला, "वेंदोनं—" आणि कोपऱ्यात बसलेल्या सिरिलवर नजर गेल्यावर अडखळला. सगळे त्याच्या मुठीकडे बघायला लागले. त्या माणसानं मग शब्द बदलला. "सिरिलनं जोडलाय वाटतं," तो म्हणाला.

सिरिलनं ग्लास खाली ठेवला. "हां," तो म्हणाला, "आता बरोबर आहे." आणि उरलेली बिअर तिथेच सोडून घरी गेला.